केळी निघाली परदेशी

सावदा, ता. रावेर
१२ नोव्हेंबर १९९५

ती. स्व. मोतीलालनाना यांच्या चरणी धाकटा साडू भाईदास याचा दंडवत. (खरोखर वाकून घातला आहे. कंबर अजून वाकते, एवढं तरी तुम्हाला कळावं.)

पत्र लिहिण्यास कारण पुढे येईलच. आधी तुमची तब्येत. साखर ताब्यात आहे का? धुळ्याला आता थंडी पडू लागली असेल, तेव्हा गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी बांधत जा. सुंदरअक्कांची दाढ काढली, की अजून लवंगेवरच चाललंय? आमच्याकडे माय बरी आहे, प्रमिला बरी आहे, म्हैस बरी आहे, आणि मी आहे. केळीचं काय झालं, असं तुम्ही मागच्या तिन्ही पत्रांत विचारलंत आणि मी तिन्ही उत्तरांत पावसाबद्दल लिहिलं, म्हणून या खेपेला सविस्तर लिहितो. चष्मा लावून, जेवण झाल्यावर वाचावं. आधी वाचलंत तर घास उतरायचा नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी तुम्ही आमच्या शेतात भरीत खायला आला होतात. नुकतेच सरकारी नोकरीतून सुटून रंभाफल एक्स्पोर्ट्स या कंपनीचे सल्लागार झाला होतात आणि सोनेरी अक्षरांची त्यांची बॅग तुमच्या मांडीवर होती (भरताचं तेल लागू नये म्हणून तुम्ही ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाहीत). बांधावरची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मायने थापल्या होत्या. पाचवी भाकरी संपवून तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, “भाईदास, असली शेती आता टिकायची नाही.” असली म्हणजे कसली, असं मी विचारलं, तर तुम्ही ओल्या बोटानेच सगळं दाखवलंत. दोन एकर केळी, अर्ध्या एकरात कधी ज्वारी कधी उडीद, बांधावर वांगी, मिरच्या, कोपऱ्यात अंबाडी, आंब्याखाली म्हैस. “हा तर आठवडे बाजार मांडलाय,” म्हणालात, “जगाचे दरवाजे उघडलेत. एकच माल काढ, मोजूनमापून काढ, आणि बाहेर पाठव.” जाताना बाजारातली पिशवीभर वांगी घेऊन गेलात, तो भाग वेगळा. पण तुमचं म्हणणं माझ्या डोक्यात बसलं. आमच्या सात पिढ्यांची केळी रावेरच्या पलीकडे फार तर दिल्लीला गेली होती. आता ती समुद्र ओलांडणार, या विचाराने मी दोन दिवस चालतानासुद्धा जरा छाती काढून चाललो. (प्रमिलाने पाठीत उसण भरली का म्हणून विचारलं.)

पुढच्या आठवड्यात तुमचे कामेरकरसाहेब जीपमधून आले. वय असेल सव्वीस, गळ्यात टाय. उन्हात तो टाय एवढा तापायचा की ते तो अधूनमधून बोटाने गळ्यापासून लांब धरायचे. त्यांनी चौदा पानी इंग्रजी करार काढला आणि प्रत्येक पानावर माझी सही घेतली. त्यात मराठी फक्त एका ठिकाणी होतं, ‘शेतकऱ्याचे नाव’, आणि तेही माझं मलाच लिहायला लावलं. त्या दिवसापासून आमच्या शेताला शेत म्हणायचं नाही असं ठरलं. ते ‘युनिट क्रमांक सतरा’ झालं. युनिटात दुसरं पीक चालत नाही, म्हणून वांगी, मिरच्या, अंबाडी उपटली. युनिटात जनावर चालत नाही, म्हणून म्हैस शेजारच्या धनसिंगच्या गोठ्यात गेली. तिचं दूध मात्र आमच्याकडे यायला रोज लाजायचं. युनिटात माणसं चालतात, पण ती एका छापील तक्त्यात भरावी लागतात. त्यात मी झालो ‘युनिट प्रमुख’. प्रमिला ‘अर्धकुशल’. (हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः वाचलं. अर्धकुशल बाईने सगळा स्वयंपाक करणं नियमात बसत नाही, असं म्हणून तिने चार दिवस फक्त भाकरी केली, भाजी नाही.) आणि माय झाली ‘अकुशल, वय जास्त, बागेत प्रवेश नको’.

नाना, माझी माय भिकुबाई वयाच्या चौदाव्या वर्षी लग्न होऊन या शेतात आली. खोडाला नुसता हात लावून तिला पाणी कमी की जास्त ते कळतं. घड कापायला आला की नाही, हे ती बांधावरून सांगते. बाप गेला तेव्हा मी चौथीत होतो. तिनेच ही बाग उभी ठेवली. पण तक्त्यात वयाचा रकाना होता आणि खोडाला हात लावण्याचा नव्हता. मी तिला सांगितलं की माय, तू आता आराम कर, कंपनीचं म्हणणं आहे. ती उठली. कामेरकरांनी लावलेल्या ‘विनापरवानगी प्रवेश बंद’ या पाटीखाली जाऊन बांधावर बसली. पाटी तिला वाचता येत नाही, पण बरोबर तिच्याखाली बसली, आणि बागेकडे पाठ करून.

घड पडले तेव्हा प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी घालायची आज्ञा झाली, डाग पडू नये, ऊन लागू नये म्हणून. दोन हजारांच्या वर घडांना मी आणि प्रमिलाने पिशव्या चढवल्या. हातात मोजे. घडाला उघडा हात लावायचा नाही. फण्यांच्या मधे फोमचे तुकडे घालायचे, म्हणजे एक केळं दुसऱ्याला घासणार नाही. आमच्या घरात गादी एकच आहे, तीही लग्नातली, आणि तुम्ही आलात की तुम्हाला देतो. केळी मात्र फोमवर. माय बांधावरून म्हणाली, “काय रे भाऊ, केयीले झबलं घातलं, आता तीट बी लावशीन का?”

तीट लावायला हवी होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी असा काही वारा सुटला की सगळ्या पिशव्यांत हवा भरली आणि सगळी बाग शिडाच्या होड्यांसारखी एकदम तापीकडे तोंड करून उभी राहिली. आमच्या बागेत वारा दर वर्षी येतो, पानं फाटतात, वारा निघून जातो. पण पिशवीतला वारा निघून जात नाही. शंभरावर खोडं घडासकट आडवी झाली. कित्येक पिशव्या सुटून गावभर गेल्या. एक मारुतीच्या देवळाच्या कळसावर, दोन शाळेच्या कौलांवर, आणि एक धनसिंगच्या रेड्याच्या शिंगांत. तो रेडा निळं डोकं घेऊन बाजारपेठेतून असा धावला की लोकांनी दुकानं बंद केली. मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की वारा करारात नाही.

पेरण्या झाल्यानंतर एका संध्याकाळी माय उशिरा घरी आली. हाताला माती होती. लुगड्याची गाठ सोडून तिने दोन नोटा माझ्यापुढे ठेवल्या. मी विचारलं, हे काय? तर धनसिंगच्या शेतात निंदायला गेली होती, पाच दिवस, रोजाने. बहात्तराव्या वर्षी. धनसिंग नको नको म्हणत होता म्हणे, पण ती ओळीला बसली ती बसलीच. मी ओरडलो. लोक काय म्हणतील, घरची जमीन असताना... ती शांतपणे म्हणाली, “मले रिकामं बसवत नई. अन् तथी कोनी मले बाहेर काढत नई. हे घे, तुह्या युनिटात टाक.” नाना, मी त्या नोटा घेतल्या नाहीत. प्रमिलाने त्या उचलून देवापुढे ठेवल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तक्ता भरायच्या निमित्ताने ओट्यावर जाऊन बसलो.

(तक्ते एकूण नऊ होते. त्यातला सातवा ‘युनिट प्रमुखाचे समाधान’ असा होता. मी ‘समाधानकारक’ला खूण केली. ‘असमाधानकारक’ला खूण करायची तर खाली इंग्रजीत कारण लिहायचं होतं.)

जुलैमध्ये निरोप आला, परदेशी खरेदीदार बाग बघायला येतोय. आम्ही बांधावर मांडव घातला. गावातल्या शाळेकडून सतरंजी आणली. ‘वेलकम’ असा फलक रंगवून घेतला, त्यात रंगाऱ्याने एक अक्षर कमी केलं ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. कामेरकरांनी मला बजावलं की साहेबाला काही खायला देऊ नका, आपलं पाणी त्यांना चालत नाही, आणि अकुशल माणूस नजरेस पडू देऊ नका. जीपमधून परदेशी साहेब उतरला तो काळासावळा, मिशीवाला, लुंगी सोडून नुकतीच पॅंट घातल्यासारखा. नाव कुंजुमोन. मूळचा केरळचा, दुबईच्या फळांच्या कंपनीत नोकरीला. केळीत जन्मलेला माणूस. त्याने बाग फिरून बघितली, पिशवी वर करून घड बघितला, आणि तहान लागली म्हणून कोणाला न विचारता सरळ आमच्या घराकडे चालू लागला.

ओट्यावर माय बसली होती. तिने तांब्या दिला. मग आत जाऊन कोठीतून केळी आणली. ती आमच्या न्हाणीमागची, बुटकी, वाकडी, काळे डाग पडलेली. सांडपाण्यावर वाढतात, कोणी मोजत नाही. कामेरकर मागून हातवारे करत होते, पण कुंजुमोनने एक सोललं, खाल्लं, दुसरं सोललं. अशी सहा खाल्ली. मग मायला विचारलं, “माँजी, ये किधर का केला है?” माय म्हणाली, “घरचंच हाये, बापा. अजून खाय.” तो हिंदीत, ती आपल्या बोलीत, अर्धा तास बोलत बसले. खोडाला राख केव्हा घालायची, बुडाशी फुटलेला पील केव्हा कापायचा, त्याच्या गावी कोणती जात, इकडे कोणती. मध्ये दुभाषा म्हणून मी उभा होतो, पण माझी गरज कोणालाच पडली नाही. शेवटी तो म्हणाला की पंधरा वर्षांत असं केळं खाल्लं नाही. मी म्हटलं, साहेब, मग हीच घ्या! त्याने खिशातून एक पत्रक काढलं आणि जरा वाईट वाटल्यासारखं मला दाखवलं. लांबी सात इंच, जाडी इतकी, वाक इतका, डाग शून्य. “टेस्ट का कॉलम नहीं है, भाई,” म्हणाला. मायच्या पाया पडला आणि जीपमध्ये बसला. कामेरकरांनी अहवालात लिहिलं, ‘खरेदीदार प्रभावित.’

ऐन श्रावणात कापणी झाली. उपासांमुळे आपल्याकडे केळीला वर्षातला सगळ्यात चांगला भाव तेव्हाच असतो, हे तुम्हाला काय सांगावं. कंपनीची पांढऱ्या टोप्यांची चार माणसं आली. त्यांनी बाहेरच्या वाकावरून फूटपट्टी लावून एकेक केळं मोजलं. मुलगी बघायला आलेली माणसंही एवढं बघत नाहीत. साडेसहा इंच, नापास. सात इंच पण वाक जास्त, नापास. सात इंच, वाक बरोबर, पण बुडाशी तीळभर ठिपका. मी म्हटलं, ही जन्मखूण असेल. नापास. दोन एकरांतून संध्याकाळपर्यंत किती खोकी पास झाली म्हणता? अकरा. त्या अकरा खोक्यांशेजारी मला टोपी घालून उभं केलं आणि फोटो काढला. मी हसलो नव्हतो. फोटोवाल्याने ‘दात दिसू द्या’ म्हटलं म्हणून दात दिसले.

नापास माल आम्ही लगेच बाजारात नेणार, तर कामेरकरांनी कराराचं अकरावं पान उघडलं. नापास मालाबद्दल कंपनीचा अंतिम निर्णय येईपर्यंत तो हलवायचा नाही. निर्णय मुंबईहून यायचा होता. तो चौथ्या दिवशी आला (‘हरकत नाही’), पण केळी काही मुंबईच्या टपालाची वाट बघत नाहीत. तिसऱ्या दिवशीच पिवळी झाली. आणि सावद्यात कोणाला पिकली केळी फुकट द्यायला जाऊन बघा, माणूस रागावतो. भिडेखातर दोन घरांनी ठेवून घेतली, बाकीच्यांनी आम्हाला येताना बघून दारं लोटली. शेवटी गाड्या भरून धनसिंगच्या गोठ्यात नेली. आमची म्हैस तिथे होतीच, तिने तेवढं ओळखीचं म्हणून खाल्लं. थोडाफार हिरवा माल उरला होता तो घेऊन मी भिकमचंदशेठच्या दारात उभा राहिलो. हेच ते आडते, ज्यांच्याकडे माझा बाप माल घालायचा, आणि ज्यांना मी वर्षापूर्वी, “शेठ, घडाच्या दांड्याचं वजन म्हणून कट कापण्याचे दिवस गेले,” असं चारचौघांत सुनावलं होतं. शेठनी गादीवरून उठून दोन्ही हात जोडले. “यावं, भाईदासभाऊ! परदेशातून कधी आलात? प्रवास सुखाचा झाला ना?” मग माल निम्म्या भावात घेतला, आणि दांड्याची कट या खेपेला दुप्पट कापली. निदान लुटण्याआधी चहा तरी पाजला. कंपनीने तोही पाजला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ती अकरा खोकी तरी गेली ना बाहेर? गेली. जळगावपर्यंत. सप्टेंबरात प्रमिला डोळे तपासायला जळगावला गेली होती. स्टेशनसमोरच्या फळांच्या दुकानात काचेमागे केळी मांडलेली, प्रत्येकावर सोनेरी चिकटपट्टी, ‘रंभाफल, एक्स्पोर्ट क्वालिटी’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘युनिट १७’. जहाजात जागा नव्हती म्हणे. दुकानदार तिला समजावून सांगत होता की बाई, हा माल आपल्याकडच्या शेतकऱ्यांना पिकवता येत नाही. प्रमिलाने एक केळं विकत घेतलं. एक! आमच्याकडे डझन येतील एवढ्या पैशात. रुमालात गुंडाळून बसने घरी आणलं आणि मायच्या हातात दिलं. मायने सोललं, एक घास खाल्ला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, “दिसाले देखणं हाये बापा. आत काहीच नई.”

असो. विषाद मानू नये. मी पाटी काढून चुलीत घातली आहे. (लाकूड चांगलं होतं, तीन भाकरी झाल्या.) म्हैस परत आंब्याखाली आली. बांधावर वांग्याची रोपं लावली आहेत. माय पहाटेपासून बागेत असते आणि युनिट प्रमुखाला शिव्या देत खोडं चाचपते. यंदा भरीत उशिरा होईल, पण विकतच्या वांग्यांचं होणार नाही. गेल्या हिवाळ्यात तुमच्या साडवाने बाजारातून वांगी विकत आणून पाहुण्यांना भरीत घातलं होतं, आणि प्रमिला आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती, हे तुम्हाला आजवर लिहिलं नव्हतं. आता तुमच्यावर राग नाही. लहान शेतकरी टिकत नाही हे तुमचं म्हणणं खरं असेल, पण त्याला पाडायला एवढी माणसं, एवढ्या जीपा आणि एवढे तक्ते लागतात हे मला ठाऊक नव्हतं.

सुंदरअक्कांना नमस्कार. तब्येतीला जपावं.

आपला नम्र,
भाईदास

ता. क. हे पत्र सुंदरअक्कांना मोठ्याने वाचून दाखवू नये. त्या त्यांच्या बहिणीला सांगतील, आणि ती बहीण माझ्याच घरात राहते.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिली. तुमच्या कंपनीचं छापील पत्र आलंय. धुळ्याला महिनाअखेरीस मेळावा आहे आणि त्यात ‘प्रयोगशील शेतकरी’ म्हणून माझा सपत्नीक सत्कार आहे. फेटा, शाल, श्रीफळ. न्यायला जीप येणार. मी होकार कळवला आहे. (नाना, मला आजवर कोणी फेटा बांधलेला नाही. लग्नातसुद्धा घाईत टोपीच होती.) ‘माझ्या यशाचे रहस्य’ यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. तेव्हा तुम्ही तुमच्या पद्धतीने एक भाषण लिहून उलट टपाली पाठवा. त्यात ‘जागतिक’ हा शब्द तीन-चार वेळा येऊ द्या. अकरा खोक्यांचा आकडा न आलेला बरा.

ता. क. ३. तो दात दिसणारा फोटो कंपनीने पत्रकावर छापला आहे, ‘छोटा शेतकरी, मोठी झेप’. ते पत्रक बघून धनसिंगने करार मागवला. काल सही करण्याआधी मला विचारायला आला होता. मी काय सांगणार? माझाच फोटो त्याच्या हातात होता. मी म्हटलं, चांगलं आहे.

*

मोतीलालनानांस प्रमिलाचा शि. सा. नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून उरलेल्या जागेत चार ओळी लिहिते. ह्यांनी लिहिलं ते सगळं खरं आहे, शेवटच्या दोन गोष्टी सोडून वागणूकही चांगली आहे. धनसिंगभाऊंच्या घरी मी आज सकाळी जाऊन आले. त्यांच्या तानुबाईला सगळं सांगितलं, करार सध्या तिच्या पिठाच्या डब्यात आहे. भाषण लिहायची तसदी घेऊ नये. मेळाव्याला आम्ही दोघं येतोच आहोत, बरोबर सासूबाईही येणार. बोलणार त्या आहेत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, जीपमध्ये सांगेन. त्यांना भाषण लिहून द्यावं लागत नाही, वर्षभर बांधावर बसून तयार झालं आहे. तुम्ही तिथले सल्लागार, तेव्हा एवढंच करा. माईक जरा खाली बांधून ठेवायला सांगा, आणि मधे कोणी घंटा वाजवून त्यांचं बोलणं बंद करणार नाही एवढं बघा. अक्काची दाढ काढून घ्या.